विश्रांती मिळते, पण ती घरच्यांच्या वाट्याला का येत नाही?

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपले यजमान कोकण रेल्वेत रत्नागिरी मुख्यालयात, म्हणजे जिथून त्यांची ड्युटी सुरू होते त्या ठिकाणी, मालगाडीवर सहायक लोको पायलट (सहायक इंजिनचालक) आहेत. आपण लांजा तालुक्यातील शाळेत शिक्षिका आहात, बिऱ्हाड खेडशीला आहे, मुलगी बालवाडीत जाते आणि सासूबाई सोबत असतात. प्रत्येक फेरीनंतर 16 तास आणि महिन्याकाठी चार मोठ्या विश्रांती मिळत असल्याचे आपण स्वतः त्यांच्या मोबाइलवर पाहिले आहे. तरीही घरातल्या सगळ्यांनी मिळून एखादा दिवस निवांत काढल्याचे आपल्याला आठवत नाही. आपण विचारता की विश्रांती कमी मिळते आहे की आमचेच नियोजन चुकते आहे. प्रवासी गाडीची लिंक (आधीच ठरलेल्या ड्युट्यांचा तक्ता) मिळेपर्यंत थांबावे की आत्ताच टेबलावरचे काम मागावे. आणि गणपतीत ते कधी घरी असतील की नाही.

मी सहायक म्हणून लागलो, पुढे मालगाडी, पॅसेंजर आणि शेवटी मेल-एक्सप्रेस चालवली, आणि मधली काही वर्षे लॉबीत, म्हणजे चालक जिथे हजेरी लावतात त्या कार्यालयात, क्रू कंट्रोलर म्हणून इतरांच्या ड्युट्याही लावल्या. त्यामुळे कॉल (ड्युटीचे बोलावणे) घेणाऱ्याची आणि कॉल देणाऱ्याची अशा दोन्ही बाजू मला जवळून ठाऊक आहेत. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मुख्यालयात मंजूर पदांपैकी किती भरलेली आहेत, त्या महिन्यात मालवाहतूक किती आहे, आपल्या यजमानांचा ज्येष्ठताक्रम कितवा आहे आणि सासूबाईंची प्रकृती कितपत साथ देते, यावर उत्तराचा बराचसा भाग अवलंबून राहणार आहे. यांपैकी कोणतीही गोष्ट मला इथे बसून कळणार नाही, म्हणून जिथे परिस्थितीनुसार निर्णय बदलू शकतो तिथे तसे म्हणेन.

माझ्या मते आपल्या घरातला खरा प्रश्न विश्रांतीच्या तासांचा नाही. विश्रांती किती तासांची, हे नियमात लिहिलेले आहे आणि ते बहुतेक वेळा पाळलेही जाते. ती कोणत्या वारी आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी येणार, आणि ते आपल्याला किती आधी कळणार, याची हमी मात्र नियम जवळजवळ देत नाही. शिक्षिकेचा आठवडा सोमवार ते शनिवार असा कॅलेंडरवर चालतो, तर मालगाडीवरच्या माणसाचा आठवडा त्याच्या शेवटच्या साईन ऑफपासून, म्हणजे ड्युटी संपल्याच्या नोंदीपासून, मोजला जातो. एकाच घरात वेळ मोजण्याच्या या दोन पद्धती नांदत आहेत आणि आपली ओढाताण तिथूनच सुरू होते.

नियम काय म्हणतात ते थोडक्यात पाहू. रेल्वे कर्मचाऱ्यांचे कामाचे तास आणि विश्रांती यांचे सध्याचे नियम 2005 चे आहेत, मात्र त्यांचा पाया बराच जुना आहे. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या 1947 च्या निवाड्यातून आलेली मांडणी आजही त्यात ओळखू येते. मुख्यालयी परतल्यावर, केलेली ड्युटी 8 तास किंवा अधिक असेल तर 16 तास, आणि त्याहून कमी असेल तर 12 तास विश्रांती मिळते. बाहेरगावच्या रनिंग रूममध्ये (चालकांच्या विश्रामगृहात) 8 तास किंवा अधिक ड्युटीनंतर 8 तास, 5 ते 8 तासांच्या ड्युटीनंतर 6 तास, आणि 5 तासांहून कमी ड्युटी झाली असेल तर जेवढे काम तेवढे तास अधिक 1 तास, असा हिशेब असतो. याखेरीज महिन्यातून 30 तासांच्या चार किंवा 22 तासांच्या पाच विश्रांती द्याव्या लागतात, ज्यांना आम्ही सगळे पीआर (पिरियॉडिक रेस्ट) म्हणतो. प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे काम सलग 9 तासांहून अधिक शक्यतो नसावे, आणि वाढवायचेच असेल तर त्याची सूचना 9 तास पूर्ण होण्याच्या किमान दोन तास आधी देऊन साईन ऑन ते साईन ऑफ 11 तासांच्या आत आटोपावे, असे 2016 पासूनचे धोरण आहे.

आता हे 16 तास घरात कसे उतरतात ते एका फेरीवर पाहू. समजा, यजमानांनी सोमवारी रात्री 21.30 ला रत्नागिरीत साईन ऑन केले आणि मंगळवारी पहाटे 6.15 ला बाहेरगावी साईन ऑफ केले. पावणेनऊ तास झाले, म्हणून तिथे 8 तास विश्रांती. दुपारी 15.00 वाजता परतीची गाडी मिळाली आणि रात्री 23.30 ला रत्नागिरीत साईन ऑफ झाले. इथून 16 तास मोजले की बुधवारी दुपारी 15.30 ला ते पुन्हा कामाला उपलब्ध होतात, आणि कॉल साधारण दोन तास आधी, म्हणजे दीडच्या सुमारास येतो. कागदावर ही निर्दोष विश्रांती आहे. घरात काय होते पाहा. कुवारबावच्या स्टेशनवरून खेडशीला पोहोचून हातपाय धुऊन चार घास खाईपर्यंत साडेबारा वाजतात, आणि इंजिनाचा आवाज डोक्यातून जाऊन झोप लागेपर्यंत दीड-दोन. सकाळी सातला मुलगी उठते, घरात भांडी वाजू लागतात आणि ते अर्ध्या झोपेतून जागे होतात. साडेनऊला आपण लांज्याला निघता. पुढे ते पुन्हा आडवे होतात, पण फोन उशाशी असतो आणि कान त्याच्याकडे लागलेले असतात. दीडला कॉल येतो, जेवून तीनच्या आत ते बाहेर पडतात. आपण साडेपाचला परत येता तेव्हा ते इंजिनावर चढून दोन तास झालेले असतात. 16 तासांच्या विश्रांतीत नवरा-बायकोला एकमेकांचा सहवास मिळाला तो सकाळी सात ते साडेनऊ, आणि त्यातही एक जण पेंगुळलेला तर दुसरी डबा भरण्याच्या घाईत. यात कोणाचे नियोजन चुकले आहे असे मला वाटत नाही.

पीआरच्या बाबतीत एक बारकावा आपण लक्षात ठेवावा. 30 तासांच्या विश्रांतीत एक पूर्ण रात्र अंथरुणात मिळाली पाहिजे, आणि ती रात्र म्हणजे 22.00 ते 6.00. शुक्रवारी रात्री 23.30 ला साईन ऑफ झाले, तर 30 तास रविवारी पहाटे 5.30 ला पूर्ण होतात. शुक्रवारची रात्र दहानंतर सुरू झाली म्हणून ती पूर्ण धरता येत नाही, आणि शनिवारची रात्र साडेपाचलाच संपते म्हणून तीही अर्ध्या तासाने अपुरी राहते. अशा वेळी सकाळी सहाच्या आधीचा कॉल नियमात बसत नाही, आणि हे नम्रपणे दाखवून दिले की बहुतेक क्रू कंट्रोलर मान्य करतात, कारण त्यांनाही आपल्या नोंदीत उल्लंघन नको असते. याहून मोठा वाद असा आहे की फेरीनंतरचे 16 तास या 30 तासांतच धरायचे की वेगळे. लोको कर्मचाऱ्यांच्या संघटनांची मागणी 16 आणि 30 मिळून 46 तासांची आहे, आणि 2024 मध्ये केरळात काही लोको पायलटांनी तेवढी विश्रांती स्वतःहून घेऊन हा विषय ऐरणीवर आणला होता. मला ती मागणी रास्त वाटते. पहिले 16 तास झालेल्या कामाचा थकवा भरून काढण्यातच जातात; त्यांना मोठ्या विश्रांतीत मिळवले, तर उरणारे 14 तास म्हणजे काही सुट्टीचा दिवस नव्हे.

हीच नोकरी इतर मार्गांवरही असते, मग आपल्याकडे अनिश्चितता जास्त का, असाही प्रश्न आपल्या लिखाणात सूचित झाला आहे. याचे उत्तर रुळांत आहे. कोकण रेल्वेच्या रोहा ते ठोकूर या सुमारे 740 किलोमीटरच्या मार्गावर रोहा ते वीर हा 46 किलोमीटरचा भाग सोडला तर बाकी बहुतेक सगळा मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरून येणारी गाडी स्टेशनात आल्याशिवाय आपली गाडी सुटत नाही, आणि मालगाडी ही उतरंडीत सर्वांत खाली असल्यामुळे प्रत्येक एक्सप्रेसला वाट देत तिला आडवली, विलवडे, वैभववाडी अशा कुठल्याही स्टेशनात लूपवर (बाजूच्या रुळावर) उभे राहावे लागते. मागून येणारी एक गाडी अर्धा तास उशिरा असली तर पुढच्या तीन क्रॉसिंगांचे गणित बिघडते, आणि त्याचा परिणाम तुमच्या घरातल्या रात्रीच्या जेवणापर्यंत येऊन पोहोचतो. यजमान ‘आठपर्यंत येतो’ असे सांगून अकराला येतात तेव्हा ते खोटे बोललेले नसतात, कारण साडेसातपर्यंत त्यांनाही तसेच वाटत असते.

पावसाळ्यात यात भर पडते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक चालते, ठिकठिकाणी वेग कमी केलेला असतो, आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ताशी 40 किलोमीटरनेच गाडी न्यावी लागते. त्यामुळे जे अंतर उन्हाळ्यात सात तासांत कापले जाते तिथे आठ-नऊ तास लागू शकतात. याचा एक विचित्र परिणाम असा की ड्युटी 8 तासांच्या पुढे गेल्यामुळे मुख्यालयातली विश्रांती 12 ऐवजी 16 तासांची होते, म्हणजे घरचे तास कागदावर वाढतात. पण माणूस अधिक पिळवटून आलेला असतो आणि पुढच्या फेरीची वेळ आणखी पुढे सरकते. 14 जुलै 2024 रोजी खेड तालुक्यात दिवाणखवटी आणि विन्हेरे यांच्या दरम्यान दरड कोसळून मार्ग सुमारे एक दिवस बंद राहिला होता. अशा वेळी गाड्यांबरोबर त्यांचे चालकही जिथल्या तिथे अडकतात, आणि मार्ग खुला झाल्यावर कोण कुठे आहे आणि कोणाची विश्रांती पूर्ण झाली आहे याची जुळवाजुळव करण्यात लॉबीचे पुढचे दोन-तीन दिवस जातात. पावसाळ्यातल्या कोणत्याही तारखेला यजमानांच्या भरवशावर काही ठरवू नये, एवढे मी आपल्याला ठामपणे सांगतो. पालकसभा असो वा डॉक्टरांची वेळ, ते असतील तर उत्तम आणि नसतील तरी काम अडू नये, अशीच मांडणी असू द्यावी.

आता घरातल्या घरात काय करता येईल. सर्वांत आधी झोप, कारण बाकी सगळे तिच्यावर उभे आहे. रात्री दोन ते पहाटे पाचच्या दरम्यान शरीर झोप मागतेच, मग माणूस कितीही सराईत असो. आणि दिवसा घेतलेली झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तुटक आणि आखूड होते. इंजिनात व्हीसीडी नावाचे उपकरण असते. चालकाने साधारण मिनिटभर कोणतीच हालचाल केली नाही तर ते आधी दिवा लावते, मग आवाज करते आणि तरीही प्रतिसाद मिळाला नाही तर ब्रेक लावते. ते आवश्यकच आहे, पण अर्धवट झोपेत माणूस बटण दाबत राहू शकतो, हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. लॉबीत साईन ऑन करताना श्वासातले मद्य यंत्राला कळते, डोळ्यांवरची झोप कळत नाही. म्हणून घरी मिळणाऱ्या झोपेची राखण ही सुरक्षेचीच बाब आहे, लाड नव्हेत, हे सासूबाईंनाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही आपण स्पष्ट सांगावे.

आपल्याकडे दिवसा पुरुषमाणूस घरात झोपलेला दिसला की शेजारी हाक मारतातच, आणि गावाहून आलेला पाहुणा ‘अरे, उठव त्याला, मी काय परका आहे?’ असे म्हणतो. पत्र्यावरचा पाऊस, गेलेली वीज, बंद पडलेला पंखा आणि घामाची चिकचिक हे कोकणातल्या दिवसाच्या झोपेचे आणखी शत्रू. माझा अनुभव असा की घरातली सर्वांत मागची, शक्यतो पूर्वेकडे खिडकी नसलेली खोली कायमची त्यांच्या झोपेसाठी राखावी, खिडकीला जाड गडद पडदा लावावा आणि बॅटरीवर चालणारा एक पंखा ठेवावा. रात्रीची ड्युटी करून सकाळी घरी आले तर लगेच चार-साडेचार तास झोपावे, दुपारी जेवून घरात वावरावे, आणि पुन्हा रात्री निघायचे असेल तर संध्याकाळी दीड तास आडवे व्हावे. सलग सात-आठ तासांचा हट्ट धरला की पूर्ण दिवस झोपेच्या पाठीमागे जातो आणि तरीही ती पुरी होत नाही. अर्थात हे माझ्या प्रकृतीला मानवले. काहींना मध्ये तुटलेली झोप अजिबात चालत नाही. दोन-तीन आठवडे करून पाहावे आणि मग ठरवावे.

दुसरी गोष्ट फोनची. मालगाडीवरच्या माणसाच्या घरात खरी अस्वस्थता कॉलपेक्षा कॉलची वाट पाहण्यातून येते. विश्रांती संपल्यानंतर कॉल लगेच येईल की आणखी सहा तासांनी, हे ठाऊक नसल्यामुळे ना बाजारात जाता येते ना झोपता येते. यावर उपाय असा की आपल्या आधी किती जण उपलब्ध आहेत आणि कोणत्या गाड्या निघायच्या आहेत, हे क्रू कंट्रोलरला ठरावीक दोन वेळांना, एकदा सकाळी आणि एकदा रात्री, विचारावे. मी कंट्रोलर असताना जे असे विचारत त्यांना ‘तुझा नंबर पाचवा आहे, संध्याकाळपर्यंत काही नाही’ एवढे सांगायला मला अर्धा मिनिट लागत असे, आणि त्या माणसाचा पूर्ण दिवस सुटत असे. ही हमी नसते, अंदाज असतो. मात्र बऱ्याचदा तो बरोबर येतो. या दोन वेळा सोडून मधल्या काळात फोन सासूबाईंकडे द्यावा आणि लॉबीचा नंबर वेगळ्या रिंगटोनवर ठेवावा, म्हणजे प्रत्येक घंटीला दचकायला होत नाही.

मुलीच्या बाबतीत मी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या प्रश्नातले सर्वांत हळवे वाक्य तिच्याविषयी आहे. ती ‘बाबा आज आहे की नाही’ असे रोज विचारते, असे आपण लिहिले आहे. बालवाडीतल्या मुलाला ड्युटीचा तक्ता कळत नाही, पण ठरलेली गोष्ट कळते. माझ्या ओळखीतल्या अनेक घरांत वडिलांचे एखादे काम ठरवून दिलेले असते, आणि ते वेळेला बांधलेले नसते. ते घरी असतील तेव्हा अंघोळ त्यांनीच घालायची, मग ती सकाळी असो की संध्याकाळी. किंवा बालवाडीतून आणायचे ते त्यांनीच, महिन्यातून सहा वेळा जमले तरी सहाही वेळा त्यांनीच. रविवार एकत्र घालवण्याचा संकल्प मोडतो आणि मोडला की मुलाला दिसतो. याउलट ‘बाबा घरी आला की’ या शब्दांना जोडलेले काम मोडत नाही. लांज्याची शाळा सुटल्यावर आपल्याला जो एखादा तास त्यांच्यासोबत मिळेल त्यात घरखर्च, हप्ते आणि नातेवाइकांची गाऱ्हाणी काढू नयेत, हेही सुचवतो. त्यासाठी पीआरच्या दिवसातला एक तास वेगळा काढावा.

आता थांबायचे की टेबल मागायचे. इथे आपल्या माहितीत एक दुवा राहून गेला आहे असे मला वाटते. सहायक म्हणून ज्येष्ठता वाढली की मेल-एक्सप्रेसच्या लिंकवर जाता येते हे खरे, आणि लिंकचा फायदा मोठा असतो. कोणत्या दिवशी कोणती गाडी न्यायची, कुठे विश्रांती आणि कधी पीआर हे आठवडे आधी छापील तक्त्यात दिसते. परंतु सहायकाची बढती लोको पायलट म्हणून होते तेव्हा ती मालगाडीवर होते, आणि तिथे पुन्हा कॉलचीच ड्युटी सुरू होते. तिथून पॅसेंजर आणि मग मेल, असा क्रम असतो. म्हणजे आज लिंक मिळाली तरी ती कायमची सुटका नसते. दोन-चार वर्षांचा उतार लाभतो आणि मग पुन्हा चढ लागतो. मुलगी लहान आहे तोवर लिंक मिळत असेल तर ती जरूर घ्यावी, किलोमीटर भत्ता काहीसा कमी झाला तरी. उलट बढती तोंडावर आली असेल तर लिंकसाठी ती पुढे ढकलू नये, कारण ज्येष्ठतेत मागे राहिलेला माणूस शेवटच्या, अधिक स्थिर टप्प्यावरही मागाहूनच पोहोचतो.

टेबलावरच्या कामाविषयी गैरसमज नसावा. क्रू कंट्रोलरसारखी पदे अनुभवी लोको पायलटांकडे जातात, नव्या सहायकाकडे नाही, आणि तिथेही दिवस-रात्रीच्या पाळ्या असतातच. फरक इतकाच की पाळी आधी कळते. लिपिक किंवा तत्सम पदासाठी विभागीय परीक्षा द्यावी लागते आणि ती उत्तीर्ण झाली की ‘रनिंग’ म्हणजे गाडीवर काम करणाऱ्यांचा वर्ग सोडावा लागतो. यात पैशांचा भाग लहान नाही. किलोमीटर भत्ता थांबतो, आणि निवृत्तिवेतनासाठी रनिंग कर्मचाऱ्याच्या मूळ वेतनात जे 55 टक्के मिळवले जातात त्यावर पाणी सोडावे लागते. घरात दुसरा पगार आहे, म्हणून आपल्याला हा विचार करणे शक्य आहे. अनेकांना तेही शक्य नसते. माझे मत विचाराल तर प्रकृतीची तक्रार नसेल, त्यांना गाडी चालवणे आवडत असेल आणि सासूबाईंचा आधार असेल, तर आत्ता वर्ग सोडू नये. मात्र 45 वर्षांपर्यंत दर चार वर्षांनी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत रक्तदाब किंवा साखर वर सरकत असलेली दिसली, किंवा दिवसा झोपच लागत नाही अशी अवस्था आली, तर माझे उत्तर वेगळे असेल. ही नोकरी प्रकृती बिघडवून करण्यासारखी नाही.

व्यवस्थेनेही काही करायला हवे, याविषयी एकच उदाहरण देतो. युरोपीय संघात देशाच्या सीमा ओलांडून गाड्या नेणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी 2004 मध्ये जो करार झाला, त्यात वर्षाला 104 साप्ताहिक स्वरूपाच्या विश्रांती तर आहेतच, शिवाय त्यांपैकी 12 वेळा सलग दोन दिवसांची विश्रांती शनिवार-रविवारीच द्यावी असे लिहिलेले आहे. तासांबरोबर वारही नियमात लिहिता येतो, एवढे यावरून दिसते. आपल्याकडे मालगाड्यांचे वेळापत्रकच ठरलेले नसल्यामुळे हे सोपे नाही हे मी मान्य करतो. तरीही चारपैकी एका पीआरची तारीख महिन्याच्या सुरुवातीला जाहीर करणे पुरेसे कर्मचारी असलेल्या मुख्यालयाला जमू शकते, असे मला लॉबीत बसून नेहमी वाटत आले आहे.

शेवटी गणपती. कोकणात राहून ज्याच्या घरी गणपती येतो त्याला चतुर्थीला रजा हवी असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुंबईहून चाकरमान्यांच्या विशेष गाड्या सुटलेल्या असतात, म्हणजे रजा मागणारे आणि माणसांची गरज दोन्ही एकदम वाढतात. पण गर्दीचा ओघ नीट पाहिला तर त्याला दोन टोके आहेत. चतुर्थीच्या आधीचे तीन-चार दिवस गाड्या भरून दक्षिणेकडे येतात, आणि गौरी-गणपतींचे विसर्जन झाले की त्या भरून मुंबईकडे परततात. मधल्या दोन-तीन दिवसांत ताण तुलनेने कमी असतो. म्हणून चतुर्थीचाच हट्ट न धरता, प्रतिष्ठापनेची पूजा दिरांनी किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी करावी आणि यजमानांनी ऋषिपंचमी ते गौरीपूजन या काळातले दोन दिवस मागावेत, असे सुचवतो. ही रजा मंजूर होण्याची शक्यता बरीच अधिक असते. तारीख वर्षभर आधी पंचांगात असते, तेव्हा अर्ज जून महिन्यातच लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. आमच्याकडे सहकाऱ्यांत असाही समजुतीचा रिवाज होता की ज्याला यंदा गणपतीची रजा मिळाली त्याने पुढच्या शिमग्याला दुसऱ्यासाठी ड्युटी करायची. ज्या लॉबीत तसा रिवाज नसेल तिथे चार जणांनी मिळून तो सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही.

विश्रांती खरोखरच कमी मिळते आहे का, या आपल्या पहिल्या शंकेसाठी एक काम करावे. पुढचे दोन महिने प्रत्येक साईन ऑन आणि साईन ऑफची वेळ एका वहीत लिहून ठेवावी. त्यावरून मुख्यालयातली प्रत्येक विश्रांती ड्युटीच्या लांबीप्रमाणे 16 किंवा 12 तासांची झाली का, प्रत्येक 30 तासांच्या पीआरमध्ये 22.00 ते 6.00 अशी पूर्ण रात्र आली का, आणि साईन ऑन ते साईन ऑफ 11 तासांच्या वर किती वेळा गेले, हे तपासावे. उल्लंघन दिसले तर ते आपण नव्हे, यजमानांनी, तारखांसह आधी आपल्या लोको निरीक्षकांच्या कानावर घालावे आणि उपयोग न झाल्यास संघटनेमार्फत लेखी मांडावे. तोंडी तक्रारीला लॉबीत फारसे वजन नसते. आणि सगळे नियमात बसत असल्याचे दिसले, तर त्या वहीतल्या ज्या तासांत आपण तिघे एकाच वेळी घरी आणि जागे होतात त्यांवर रंगीत पेन्सिलीने खूण करून पाहावी. ते तास आठवड्याच्या कोणत्या भागात जास्त पडतात हे कळले, की शिकवणी, बाजार आणि पाहुणे त्या भागातून बाहेर काढणे आपल्या हातात आहे.